एक बोट मोकळं

मी बोर्ड रंगवायचो.
लालबाग ते भायखळा, चाळीस वर्षं:
मसाला दळून मिळेल, वधूवर सूचक केंद्र,
येथे उधार बंद आहे.
मग फ्लेक्स आला, आणि माझे ब्रश
रॉकेलच्या डब्यात उभ्या उभ्या म्हातारे झाले.

हिल्लाबाईंनी विचारलं, हात थरथरतो का?
म्हटलं, अजून तरी नाही.
मग गुरुवारी या, म्हणाल्या, नखं रंगवायला.

परळला, इस्पितळामागच्या गल्लीत, धर्मशाळेचा दुसरा मजला.
बावीस खाटा. खाटांखाली स्टोव्ह, तांदळाचे डबे,
एक्स-रेच्या पिशव्या खिळ्याला टांगलेल्या.
कोणी बीडची, कोणी मालेगावची, एक थेट कटिहारची;
सगळ्यांच्या डोक्याला रुमाल.

पहिल्या दिवशी आमच्याआधी कुठलीशी कंपनी येऊन गेलेली.
सारख्या टोप्या, भलाथोरला बॅनर (फ्लेक्सचा, दुसरं काय),
फोटो, आणि प्रत्येकीच्या उशाशी
तिखट चिवड्याचं पाकीट.
तोंडं आलेली होती बायकांची.
साधं पाणी झोंबत होतं.
हिल्लाबाईंनी पाकिटं गोळा केली, शिवी एकच दिली, तीही गुजरातीत.
इम्तियाज खाली धावला, केळी आणि दही घेऊन आला.
आधी विचारायचं, मग आणायचं, बाई म्हणाल्या.
आमच्या मंडळाची घटना एवढीच.

म्हणून मी विचारत गेलो, कुठला रंग?
कोपऱ्यातल्या खाटेवर बेबीताई खोब्रागडे,
हात पदराखाली.
औषधानं नखं काळी पडलेली, दाराच्या फटीत चेंगरल्यासारखी.
"काहून जी, या नखायले रंग?"
म्हटलं, ताई, ओल आलेल्या भिंतींवर मी
सोन्याचांदीच्या पेढ्यांची नावं लिहिलीत.
आधी पांढरा हात मारायचा. वाळू द्यायचा.
मग हवं ते.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग हळूच, "आमच्याकडं पळस फुलते ना, तसा पाह्यजे."

तसा बाटलीत मिळत नाही.
लालात पिवळा ओतला, औषधाच्या झाकणात,
काडीनं ढवळला. "नाही, अजून." पुन्हा पिवळा.
"आता जास्त झाला." एक थेंब लाल.
शेजारची मालेगाववाली उठून आली,
कटिहारची पोरगी आली; पळस कधी न पाहिलेल्या माणसांनी
पळसाबद्दल मतं दिली.

दहाही नखं रंगवली. सांडलं नाही कुठेही.
संध्याकाळी इस्पितळात बोटाला चिमटा लावला,
तर यंत्र गप्प.
सिस्टरनं आधी यंत्र झटकलं, मग आम्हाला.
नखावर रंग असला की त्याला आतलं दिसत नाही म्हणे.
स्पिरिटनं एक नख पुसलं,
आणि आकडा आला, त्र्याण्णव.

तेव्हापासून मी एक बोट मोकळं ठेवतो.
नऊ नखं माझी, एक सिस्टरचं.

पुढच्या खेपेला बेबीताईंनी ब्रश मागून घेतला.
"तुमचा हात दाखवा."
आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवली,
मला कोणी कधी रंगवलं नव्हतं.
त्यांचा हात थरथरत होता. करंगळीच्या नखावर बसला,
कातडीवर बसला, चादरीवरही बसला थोडा.
"बिघडलं," म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या
की ओठ धरावा लागला.

त्यानंतरच्या गुरुवारी खाटेवर दुसरी पिशवी होती.
गेल्या कुठे, हे आमच्यात विचारत नाहीत.
भंडाऱ्याला जाणारी गाडी रात्रीची असते,
एवढं मला माहीत आहे.

हिल्लाबाईंच्या वहीत त्या दिवशीचा जमाखर्च:
केळी चार डझन, दही, एका पेशंटचं परतीचं तिकीट
(कोणाचं, ते लिहिलेलं नाही),
नेलपॉलिश पिवळं, एक.

नख वाढतंय.
मुळाशी माझं, कोरं; टोकाला पळस, 
रोज केसभर पुढे सरकतो.
न्हावी म्हणाला, काका, हे काय, कापू?
म्हटलं, दाढी कर.